व्हिडिओ न बघताच वर्गात येणाऱ्यांचं काय करायचं?

पत्राचा सारांश : मी एका प्रशिक्षण केंद्रात ऑफिसची सॉफ्टवेअर शिकवते : वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. बॅचमध्ये नुकतेच कॉलेजमधून बाहेर पडलेले असतात, मधे खंड पडल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बायका असतात, आणि कचेरीत वर्षानुवर्षं काम केलेले पण संगणकाला बिचकणारे लोकही असतात. आधी मी प्रोजेक्टरवर करून दाखवायचे आणि सगळे माझ्यामागोमाग करायचे. वर्गात सगळ्यांना जमायचं, घरी गेलं की कुणालाच आठवायचं नाही. म्हणून फ्लिप्ड क्लासरूम सुरू केली. रात्री जागून अर्ध्या-पाऊण तासाचे व्हिडिओ तयार केले. ते घरी बघून यायचं आणि वर्गात फक्त प्रॅक्टिकल करायचं, असं ठरवलं. पण निम्मे लोक न बघताच येतात. त्यांच्यासाठी मी सगळं पुन्हा शिकवते, तोवर बघून आलेले कंटाळतात. बऱ्याच जणांकडे घरी फक्त मोबाइल आहे. एकाने तर तोंडावर विचारलं, 'मॅडम, व्हिडिओच बघायचे तर इथे फी कशाला भरायची? तुम्ही शिकवतच नाही.' आता संचालकही म्हणतात, जुनी पद्धत परत सुरू करा. व्हिडिओ न बघणाऱ्यांना वर्गात बसू देऊ नये का? की हा नादच सोडून द्यावा?

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात व्हिडिओंबद्दल पुष्कळ आहे, पण मी अडखळले ती एका वेगळ्याच वाक्यापाशी : 'वर्गात सगळ्यांना जमायचं, घरी गेलं की कुणालाच आठवायचं नाही.' तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. मला मात्र वाटतं, तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे, आणि संचालकांना द्यायचं उत्तरही.

त्या तासात काय घडत होतं ते आठवून बघा. प्रोजेक्टरवर तुम्ही 'डेटा' टॅबवर गेलात, तेही गेले. तुम्ही 'सॉर्ट' दाबलंत, त्यांनीही दाबलं. सगळ्यांच्या पडद्यावर सारखंच उत्तर आलं. पण इथे सॉर्ट करायचं (क्रम लावायचा) की फिल्टर लावायचा (हवं तेवढंच दिसू द्यायचं), कुठल्या कॉलमवर, आधी काय निवडायचं, हे सगळे निर्णय तुम्ही घेतले होते. त्यांनी फक्त हात चालवला. घरी तुम्ही नसता, म्हणजे निर्णय घेणारंच कुणी नसतं. आठवण्यासारखं त्यांच्याकडे काही शिल्लक राहिलेलंच नसतं, मग ते कमी हुशार आहेत असं आपण का समजायचं?

म्हणून जुन्या पद्धतीकडे परत जाऊ नका, हे आधीच सांगते. पण आत्ता चाललंय तेही तसंच चालू ठेवू नका. तुमचे व्हिडिओ म्हणजे तोच प्रोजेक्टरचा तास आहे, तो आता त्यांच्या घरी भरतो इतकंच. पाऊण तास तुम्ही करून दाखवता आणि समोरचा बघतो. वर्गात निदान त्याच्या हाताखाली कीबोर्ड तरी होता.

फ्लिप्ड क्लासरूम हे नाव ज्यांच्यामुळे सर्वदूर पोचलं, ते जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क इथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. २००७ मध्ये त्यांनी आपले तास रेकॉर्ड करायला घेतले, ते गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी. पुढे त्यांच्या ध्यानात आलं, की मुलांना शिक्षक खरोखर हवा असतो तो उदाहरण सोडवताना अडकल्यावर, आणि नेमकी त्याच वेळी ती घरी एकटी असतात. मग त्यांनी सांगणं घरी पाठवलं आणि अडकणं वर्गात आणलं. व्हिडिओ हे यातलं केवळ साधन आहे. त्याच्या जागी मोबाइलवर पाठवलेला फोटो चालतो, छापलेला कागदही चालतो. वर्गातला वेळ पुन्हा सांगण्यात गेला, तर मात्र सगळं मुसळ केरात.

आणि तुम्ही नेमकं तेच करता आहात, तेही चांगुलपणापोटी. न बघता आलेल्यांसाठी तुम्ही सगळं पहिल्यापासून सांगता. यातून बघून आलेला काय शिकतो? आपण उगाच बघितलं, हे. पुढच्या वेळी तोही बघत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. वर्गाचे नियम फळ्यावर लिहून ठरत नाहीत, तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत काय करता त्यावरून ठरतात. तेव्हा व्हिडिओत जे आलं ते वर्गात सगळ्यांसमोर पुन्हा सांगायचं नाही, हा नियम आधी स्वतःला लावून घ्या. पहिले काही दिवस फार जड जाईल. समोर गोंधळलेले चेहरे दिसत असताना गप्प राहणं हा आपला स्वभाव नाही.

मग न बघता आलेल्याला बाहेर ठेवायचं का? अजिबात नाही. तुमच्या बॅचमधल्या ज्या बाईने बऱ्याच वर्षांनी धीर करून पुन्हा वर्गाची पायरी चढली, तिला एकदा दारातून परत पाठवलंत तर ती पुन्हा येणार नाही. शिवाय न बघण्यामागे आळसच असतो असं धरून चालू नका. एका दिवशी सगळ्यांना चिठ्ठी द्या, नाव न लिहिता उत्तर मागा : व्हिडिओ का बघितला गेला नाही? घरात एकच मोबाइल आणि तो रात्रीपर्यंत दुसऱ्याच्या हातात असतो, डेटा संपतो, कामावरून यायलाच उशीर होतो, पहिली पाच मिनिटं बघितली आणि काही समजेना म्हणून बंद केला. या चौघांना चार वेगळे उपाय लागतात, आणि 'बसू देऊ नका' हा त्यातल्या एकालाही लागू पडत नाही. डेटा नसणाऱ्याला केंद्रातच फाइल मोबाइलवर घेऊ द्या. उशिरा घरी जाणाऱ्यासाठी लॅब अर्धा तास आधी उघडा.

तरीही कुणी ना कुणी न बघता येईलच. त्यांच्यासाठी वर्गाच्या एका कडेला दोन-तीन संगणक आणि हेडफोन ठेवून द्या. आल्यावर त्यांनी तिथे बसायचं, व्हिडिओ बघायचा आणि मग कामाला लागायचं. ना बोलणी, ना शिक्षा. तेवढा वेळ त्यांच्या प्रॅक्टिकलमधून जातो, हे त्यांचं त्यांनाच कळतं. अर्थात ही सोय चालते ती व्हिडिओ पाच मिनिटांचा असेल तर. पाऊण तासाचा असेल, तर तो संपेपर्यंत तुमचा तासच संपेल.

म्हणून व्हिडिओ तोडा. रात्री जागून केलेलं काम मोडायला जीवावर येईल, हे मी समजू शकते, पण त्यातलं बरंचसं कापून वापरता येईल. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. ते तर स्वतःहून नाव नोंदवलेले लोक होते. तुमच्या एका व्हिडिओत एकच काम असू दे. 'एक्सेलमधलं सॉर्टिंग आणि फिल्टर' असा विषय घेऊ नका. 'यादीतून फक्त थकबाकी असलेली नावं कशी बाहेर काढायची' असा घ्या. आणखी एक व्यवहाराची बाब आहे. ही सॉफ्टवेअर बदलत राहतात. २००७ च्या ऑफिसमध्ये जुने मेनू जाऊन रिबन (वरची बटणांची पट्टी) आली, तेव्हा जगभरची शिकवण्याची पुस्तकं एका झटक्यात जुनी झाली. आताच्या आवृत्त्यांमध्ये तर बटणं अधूनमधून सरकतच असतात. पाच मिनिटांचा एक तुकडा जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. पाऊण तासाचा व्हिडिओ कुणी पुन्हा करत नाही, मग तो चुकीचा होऊनही चालूच राहतो.

आता मोबाइलवाल्यांचं. छोट्या पडद्यावर एक्सेलची पूर्ण खिडकी दाखवली तर आकडेच दिसत नाहीत. ज्या चार सेल्सबद्दल, म्हणजे तक्त्यातल्या चौकटींबद्दल, बोलत आहात तेवढाच भाग मोठा करून रेकॉर्ड करा. पण माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. घरी करायच्या कामाला संगणक लागतोच, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. ऑफिस सॉफ्टवेअरमधल्या कितीतरी अवघड गोष्टी मुळात विचाराच्या आहेत, आणि त्या कागदावर जास्त नीट समजतात.

डॉलरच्या चिन्हाचंच घ्या, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक बॅच अडकते. फॉर्म्युल्यात सेलच्या नावाला हे चिन्ह लावलं ($F$1), की फॉर्म्युला खाली ओढला तरी तो सेल बदलत नाही. एका कागदावर छोटा तक्ता छापा : 'बी' कॉलममध्ये पाच वस्तूंच्या किमती, आणि एकट्या एफ१ या सेलमध्ये कराचा दर. सी२ मध्ये फॉर्म्युला आहे, 'बी२ गुणिले एफ१'. हा खाली ओढला तर सी३ मध्ये काय येईल ते घरी कागदावर लिहून आणायचं. पुष्कळजण 'बी३ गुणिले एफ१' लिहितात. खरं उत्तर 'बी३ गुणिले एफ२' आहे, आणि एफ२ रिकामा असल्यामुळे तिथे शून्य येतं. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्यावर ते स्वतः ओढून बघतात आणि खाली शून्यांची रांग लागते. आपण लिहिलेलं उत्तर खोटं ठरलं की माणूस त्याचं कारण शोधतो. त्या क्षणी डॉलरचं चिन्ह एका वाक्यात सांगितलंत तरी पुरे. आधी अर्धा तास समजावून सांगितलेलं डॉलरचं चिन्ह कानावरून जातं, कारण तोपर्यंत त्याची गरजच पडलेली नसते.

असे कागद वर्डसाठीही होतात. एक विस्कटलेलं पत्र छापून द्या आणि त्यात मथळा कुठला, उपमथळा कुठला, कुठला मजकूर दर वेळी बदलेल आणि कुठला तसाच राहील, ते पेनाने खुणा करून आणायला सांगा. बदलणाऱ्या जागांना गोल करून आलेल्या माणसाला मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं-पत्ते आपोआप भरून घेणं, निम्मं समजलेलं असतं.

तासाची पहिली पाच मिनिटं या घरच्या कामावरच्या दोन-तीन प्रश्नांसाठी ठेवा. गुण देऊ नका. उत्तर आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं. त्यावरून कोण तयार आहे आणि कुणाला कडेच्या संगणकाकडे पाठवायचं, ते तुम्हाला कळतं. शिवाय आठवायचा प्रयत्न केल्याने शिकलेलं पक्कं होतं, तेच पुन्हा बघून तितकं होत नाही.

आता खरा तास सुरू होतो, आणि फ्लिप्ड क्लासरूम चालते की पडते ते इथे ठरतं. घरी बघितलेलंच वर्गात पुन्हा करायला दिलंत, तर ते काम हातापुरतंच राहतं. वर्गात बिघडलेल्या फाइली आणा. कचेरीत कुणालाही स्वच्छ तक्ता मिळत नाही. मिळते ती दुसऱ्या कुणीतरी घाईत भरलेली यादी. त्यात काही आकडे मजकूर म्हणून साठवलेले असतात. ते सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात, आणि बेरीज करणारं 'सम' (SUM) हे फंक्शन त्यांना काहीही न सांगता वगळून टाकतं. बेरीज येते, नीटनेटकी दिसते, आणि चुकीची असते. 'एकूण चुकलंय, कुठे ते शोधा' एवढंच सांगून ती फाइल द्या. एका यादीत नावाच्या शेवटी स्पेस राहिलेली असू दे, म्हणजे व्ही-लुकअप (यादीत नाव शोधून त्यापुढची माहिती आणणारं फंक्शन) डोळ्यांसमोर असलेलं नावही सापडत नाही म्हणून सांगेल. एका तक्त्यात एकच कॉलम निवडून सॉर्ट करायला लावा. एक्सेल तेव्हा इशारा देतं, की शेजारची माहितीही सोबत हलवू का. तो नीट न वाचता 'निवडलं आहे तेवढंच सॉर्ट करा' हा पर्याय घेतला, की एकाचा पगार दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसतो. वर्गात हे एकदा घडलं, आणि ते मागे घ्यायला अनडू कामी आलं, की पुढे आयुष्यभर तो माणूस इशारा वाचतो.

तारखांचा घोळ तर स्वतंत्र तासाचा विषय आहे. रजिस्टरमधला क्रमांक म्हणून कुणी '३-१२' टाइप करतं आणि त्याची तारीख होते. हे फक्त नवख्यांचं होतं असं नाही. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी नावांशी जुळणारी काही मानवी जनुकांची नावं एक्सेल तारखांमध्ये बदलत असे. शोधनिबंधांच्या तक्त्यांत या चुका इतक्या शिरल्या, की जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने अखेर ती नावंच बदलली, आणि २०२० मध्ये त्यासाठीची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. बॅचमधल्या बिचकणाऱ्यांना हे अवश्य सांगा. संगणकाने आपल्यालाच वेड्यात काढलंय असं त्यांना वाटत असतं, ते ओझं थोडं उतरेल.

फॉर्म्युल्याने घेतलेली रेंज (कुठून कुठपर्यंतचे सेल) तपासायची सवय लावण्यासाठी दुसरं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. काटकसरीच्या धोरणांच्या बाजूने त्याचा दाखला ठिकठिकाणी दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी त्यातले आकडे स्वतः काढून बघत होता, ते जुळेनात. त्याने मूळ फाइल मागवली. सरासरी काढताना ३० ते ४९ या ओळी घ्यायच्या होत्या, घेतल्या होत्या ३० ते ४४. पाच देश गळले होते. २०१३ मध्ये हे उघड झालं. बाकीच्या आक्षेपांवर वाद झाला, पण ही चूक लेखकांनी मान्य केली. तुमच्या वर्गासाठी अशीच एक छोटी फाइल बनवा : शेवटच्या दोन ओळी बेरजेबाहेर राहिलेली. बटण कुठे आहे ते कुणीही शोधून काढतो. आलेलं उत्तर पटण्यासारखं आहे का, हे स्वतःला विचारायची सवय मात्र कुणीतरी सोबत असतानाच लागते, आणि तुमचा वेळ तिथे खर्च व्हायला हवा.

या तासात तुम्ही काय करायचं? हात मागे बांधून फिरायचं. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे. 'मॅडम, हे होत नाहीये' अशी हाक आली, की आपला हात आपसूक त्यांच्या माउसवर जातो. तीन क्लिक, झालं, पुढचा. समोरच्याने त्यातलं काही पाहिलेलंही नसतं. शिकणाऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही, हा एक नियम पाळलात तरी तुमचा वर्ग बदलेल. त्याऐवजी विचारा : काय व्हायला हवं होतं? काय झालं? त्याआधी शेवटचं काय दाबलं होतंत? अनडू करून बघितलंत? निम्म्या वेळा तिसऱ्या प्रश्नाला माणूस स्वतःच 'अच्छा!' म्हणतो. दोघांना एका संगणकावर बसवलंत तर एकाने माउस धरायचा आणि दुसऱ्याने फक्त बोलायचं, आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल. जो पटकन शिकतो त्याच्या हाती माउस सलग राहू देऊ नका. त्याला शब्दांत सांगायला लावलं की त्याचंही ज्ञान पक्कं होतं, आणि 'लवकर झालं, आता काय करू' ही तक्रारही थांबते.

ऐंशीच्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांचे सहकारी कचेरीतली माणसं वर्ड प्रोसेसर कसा शिकतात ते शेजारी बसून बघत होते. लोक माहितीपुस्तक पानामागून पान वाचत नसत. त्यांना लगेच पत्र टाइप करायचं असे. ते मधेच उडी मारत, चुकत, आणि चुकीतून बाहेर कसं यायचं ते पुस्तकात नसल्यामुळे तिथेच रुतून बसत. कॅरल यांनी मग पुस्तक अगदी बारीक केलं, सुरुवातीलाच खरं काम दिलं आणि चुकल्यावर सावरायचं कसं त्याला जागा दिली. लोक लवकर शिकले. यंत्रं बदलली, माणसं मात्र तशीच आहेत. तुमच्या प्रत्येक छोट्या व्हिडिओत शेवटचा अर्धा मिनिट 'इथे सहसा काय बिघडतं आणि तेव्हा काय करायचं' यासाठी ठेवा. बाकी काही कमी पडलं तरी चालेल.

'तुम्ही शिकवतच नाही' हे वाक्य तुम्हाला लागलं आहे, पत्रातून ते जाणवतं. मी तो प्रश्न उद्धटपणा समजणार नाही. त्या माणसाच्या मनात शिकवणं म्हणजे पुढे उभं राहून बोलणं, आणि त्याच्या आयुष्यात त्याला तेवढंच मिळालं आहे. त्यात भर म्हणजे अडकत-अडकत शिकताना आपण शिकतोय असं वाटतच नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः प्रश्न सोडवायला लावणारा तास. चाचणीत दुसरा गट पुढे होता, पण आपण जास्त शिकलो असं वाटलं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. सफाईदार बोलणं ऐकलं की आपल्यालाही समजलं असं वाटतं. तुमच्या प्रोजेक्टरच्या तासाला सगळे खूश होते, त्याचं कारण हेच असावं.

यावर त्या संशोधकांनी सुचवलेला उपाय साधा आहे : हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगा. पहिल्याच दिवशी म्हणा, 'घरी तुम्ही जे बघाल ते कुठेही फुकट मिळेल. फी आहे ती इथे तुमची फाइल बिघडल्यावर मी शेजारी असण्याची. इथे तुम्ही अडकाल, आणि ते चांगलं चाललंय असं समजा.' तुम्हाला प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्यालाही एकदा बाजूला घेऊन हे शांतपणे सांगा. तो बोलला म्हणून तुम्हाला कळलं. न बोलता सोडून जाणारे जास्त असतात.

सगळंच उलटं करायचा हट्ट मात्र नको. ज्याने कधी माउस धरलेला नाही, त्याला पहिले काही तास तुम्ही समोर हव्यात, व्हिडिओ नको. फाइल सेव्ह केली म्हणजे ती कुठे गेली, फोल्डर म्हणजे काय, तीच फाइल दुसऱ्या नावाने कशी ठेवायची, हे वर्गातच आणि सावकाश शिकवा. मोबाइलवर वाढलेल्या तरुणांनाही हे येत नसतं, ते फक्त विचारत नाहीत. टायपिंगला तर रोजच्या सरावाशिवाय पर्यायच नाही. पॉवरपॉइंटसाठी व्हिडिओंवर वेळ घालवू नका. स्लाइडवर कमी मजकूर ठेवायला माणूस शिकतो तो इतरांसमोर उभं राहून ती वाचून दाखवताना. ही पद्धत खरी कामाला येते ती एक्सेलच्या फॉर्म्युल्यांत, माहिती साफ करण्यात, पिव्होट टेबलमध्ये (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा काढण्यात), वर्डच्या स्टाइल्स आणि मेल मर्जमध्ये. तेवढंच आधी घ्या.

संचालकांशी पद्धतीवरून वाद घालू नका. त्यांची काळजी खरी आहे : लोक नाराज झाले तर पुढची बॅच भरणार नाही. त्यांच्याकडे एक घटक मागा, समजा एक्सेलचा, आणि एक चाचणी सुचवा. घटक संपल्यावर दोन आठवड्यांनी, आधी न सांगता, सगळ्यांना न बघितलेली बिघडलेली फाइल द्यायची. 'सॉर्टचं बटण कुठल्या टॅबमध्ये असतं' असले प्रश्न नकोत. यादी दुरुस्त करा, बरोबर बेरीज काढा, तीन ओळींत सांगा की काय चुकलं होतं. जुन्या पद्धतीने शिकलेल्या बॅचलाही तीच फाइल देता आली तर फारच छान. निकाल तुमच्या बाजूने लागला नाही, तर तोही त्यांच्यासमोर ठेवा आणि कुठला भाग जमला नाही ते बघा. त्याच दिवशी न देता दोन आठवड्यांनी द्यायची, यावर ठाम राहा. त्याच दिवशी तर प्रोजेक्टरवाल्यांनाही जमत होतं, हे तुमच्याच पत्रात आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. बॅचमधल्या ज्या वयस्क, बिचकणाऱ्या कर्मचाऱ्यांना तुम्ही अडचण म्हणून मोजलं आहे, त्यांना कचेरीचं काम तुमच्या-माझ्यापेक्षा आणि त्या तरुणांपेक्षा जास्त कळतं. हिशेब कुठे चुकतो, कुठल्या यादीत एकच नाव तीनदा येतं, वरिष्ठ शेवटच्या क्षणी कुठला तक्ता मागतात, हे त्यांना पाठ आहे. घरचं काम म्हणून त्यांना व्हिडिओबरोबर एक प्रश्न द्या : तुमच्या कामात कुठली यादी तुम्हाला सगळ्यात जास्त छळते? कागदावर तिचे कॉलम काढून आणा. खरी फाइल मागू नका, तिच्यात लोकांची खासगी माहिती असते. त्यांनी काढलेल्या कॉलमांत खोटी नावं आणि आकडे तुम्ही भरा, त्यांनी सांगितलेल्या चुका मुद्दाम घाला, आणि आठवड्याचा शेवटचा तास त्या फाइलवर ठेवा. जोडीला एक तरुण द्या, माउस त्याच्याकडे, आणि काय करायचं ते सांगणार ते वयस्क गृहस्थ किंवा बाई. दहा मिनिटांनी अदलाबदल करायला विसरू नका.